कायद्यात ‘व्यक्ती’ लिहिले आहे : दिव्यांग निर्वासितांसाठी विदर्भातील लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
नागपूरच्या हिवाळी अधिवेशनास येणारे विदर्भातील सर्व आमदार
आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाचे निर्णयकर्ते अधिकारी यांस,

विषय : निर्वासित म्हणून राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना कायद्याने दिलेले संरक्षण खिडकीपर्यंत पोहोचावे, यासाठी स्पष्ट शासन निर्णय काढण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

मी पूर्व विदर्भातल्या एका धानपट्ट्यातल्या गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गावातल्या व आजूबाजूच्या दिव्यांगांचे अर्ज भरून देणे, त्यांच्याबरोबर रुग्णालयात आणि कार्यालयांत जाणे हे काम अंगावर घेतले आहे. त्याला कारण माझा धाकटा भाऊ. तो तीन वर्षांचा असताना पोलिओने त्याचा डावा पाय गेला आणि आमच्या घराला कुबडीच्या आवाजाची सवय झाली. त्याचे जुने, हाताने लिहिलेले प्रमाणपत्र ऑनलाइन करून घेण्यासाठी आम्ही एका रुग्णालयात गेलो होतो, त्या दिवशी जे पाहिले त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लाकडी बाकावर भावाच्या शेजारी आमच्याच भागात राहणारे एक तिबेटी गृहस्थ बसले होते. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी पायातले कापडी बूट काढून बाकाखाली ठेवले होते, म्हणून मला त्यांचे पाय दिसले. उजव्या पायाला एकही बोट नव्हते आणि डाव्याला फक्त अंगठा होता. लहानपणी बापाच्या पाठीमागे बर्फातून डोंगर ओलांडताना बोटे गोठली आणि खाली उतरल्यावर कापावी लागली, एवढेच त्यांनी हिंदीतून सांगितले, तेही मी विचारले म्हणून. मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात घडी पडून फाटायला आलेले परकीय नागरिक म्हणून नोंदणी झाल्याचे प्रमाणपत्र, आधार कार्ड, दोन फोटो आणि रुग्णालयाची जुनी चिठ्ठी, सगळे नीट लावून ठेवलेले.

दोघांचाही नंबर एकाच खिडकीवर आला. भावाला विचारले, आधार आणले का, फोटो आणले का. त्या गृहस्थांना विचारले, तुम्ही भारताचे आहात का. त्यांनी पिशवीतला कागद पुढे केला. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘बाबा, असा कागद आमच्याकडे कोणी आणत नाही. नागरिकत्वाचं काही असेल तर या.’ तो उद्धट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. त्याला खरोखरच माहीत नव्हते, आणि माहीत करून देणारा एकही कागद त्याच्या टेबलावर नव्हता. भावाच्या पायाची तपासणी त्या दिवशी झाली. बोटे नसलेल्या पायांची तपासणी त्या दिवशी झाली नाही. त्या पायांनी बाहेर येऊन पुन्हा काळीपिवळी धरली आणि ते परत गेले.

सन्माननीय सदस्यहो, त्या खिडकीवर विचारलेला प्रश्न कायद्यात नाही, एवढेच मला या पत्रातून दाखवायचे आहे.

ही माणसे विदर्भाला नवीन नाहीत. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ साली वसली. तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणून आजही तिबेटी लोक आपापसांत तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणतात. हिवाळ्यात शहरांतल्या स्वेटरच्या दुकानांवर आपण ज्यांना पाहतो, त्यांच्यातली कितीतरी कुटुंबे उरलेले वर्ष अशा वसाहतींत काढतात. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि पलीकडे गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत, ज्यांना लोक अजूनही कॅम्प म्हणतात. बंगाली कुटुंबांची कायदेशीर स्थिती तिबेटींहून वेगळी आहे आणि मी दोन्ही एकत्र मिसळत नाही. पण घर सोडून आलेल्याला जागा देणे म्हणजे काय, हे आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भाला, पुस्तकातून शिकावे लागलेले नाही, हे सांगण्यासाठी त्यांचा उल्लेख केला.

आता कायद्याकडे येते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १४ व्या कलमात छळापासून आश्रय मागण्याचा हक्क आहे आणि २५ व्या कलमात आजारपण, अपंगत्व, वार्धक्य अशा प्रसंगी सुरक्षिततेचा हक्क आहे. दोन्ही हक्क एकाच माणसाला एकाच वेळी लागू शकतात, हा विचार मात्र पुढची कित्येक वर्षे कोणी नीट केला नाही. २८ जुलै १९५१ रोजी निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात भेदभाव करू नये असे म्हटले आहे, पण तिथे वंश, धर्म आणि मूळ देश ही तीनच कारणे मोजली आहेत, अपंगत्व त्यात नाही. तरीही तो करार अगदीच मुका नाही. २३ वे कलम सार्वजनिक मदतीच्या बाबतीत निर्वासिताला देशाच्या नागरिकाइतकीच वागणूक द्या असे सांगते आणि २४ वे कलम सामाजिक सुरक्षेच्या यादीत अपंगत्वाचे नाव घेते. भारताने या करारावर आणि त्याच्या १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. हे मी लपवत नाही, कारण माझे म्हणणे त्या सहीवर अवलंबून नाही.

त्या काळात प्रत्यक्षात काय होत होते, तेही सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या छावण्यांतून वेगवेगळ्या देशांनी माणसे निवडून नेली. निवडताना तरुण, धडधाकट, कामाला येणारी माणसे आधी नेली. क्षयाचे रुग्ण, आंधळे, लंगडे, म्हातारे आणि त्यांना सोडून जायला तयार नसलेले त्यांचे नातेवाईक मागे राहिले, काही तर दहा-दहा वर्षे. १९५९-६० हे जागतिक निर्वासित वर्ष म्हणून पाळले गेले तेव्हा कुठे काही देशांनी आपल्या आरोग्याच्या अटी सैल करून त्यांच्यापैकी काहींना घेतले. दलाई लामा भारतात आले ते याच १९५९ च्या मार्चमध्ये. म्हणजे एका बाजूला युरोप आपल्या उरलेल्या दिव्यांग निर्वासितांचे काय करायचे ते ठरवत होता आणि दुसऱ्या बाजूला हिमालयातून गोठलेल्या पायांची मुले आपल्याकडे उतरत होती. आपण त्या मुलांना सीमेवर पाय दाखवायला लावले नाही, त्यांना आत घेतले. या देशाचा तो मोठेपणा मला मनापासून वाटतो आणि म्हणूनच साठ-पासष्ट वर्षांनी एका खिडकीवर तो उणा पडावा याचे दुःख होते.

१३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि चित्र बदलले. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मंजूर केला, म्हणजे अगदी सुरुवातीच्या देशांत आपण होतो, आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. या करारात निर्वासितांसाठी वेगळे प्रकरण नाही, परंतु तशी गरजही नाही, कारण करार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिव्यांग ‘व्यक्ती’विषयी बोलतो. त्याचे ११ वे कलम सशस्त्र संघर्ष, मानवी आपत्ती आणि नैसर्गिक संकटे अशा धोक्याच्या प्रसंगी दिव्यांगांचे संरक्षण ही सरकारांची जबाबदारी ठरवते. १८ वे कलम त्याहून जवळचे आहे. दिव्यांग माणसाला केवळ तो दिव्यांग आहे म्हणून ओळखीची कागदपत्रे मिळवण्यापासून, ती जवळ बाळगण्यापासून आणि वापरण्यापासून किंवा देशांतराशी संबंधित प्रक्रियांचा उपयोग करण्यापासून वंचित ठेवता येणार नाही, असे ते सांगते. २८ वे कलम सामाजिक संरक्षणाचे, २५ वे आरोग्याचे, २४ वे शिक्षणाचे. आणि पाचव्या कलमात ती महत्त्वाची कल्पना आहे जिला आपण वाजवी सोय म्हणतो, म्हणजे ज्याला ज्या अडचणीमुळे हक्क वापरता येत नाही, ती अडचण दूर करण्यासाठी झेपेल एवढा बदल व्यवस्थेने करायचा, माणसाने नव्हे.

काही देशांना १८ व्या कलमाची भीती वाटली. ऑस्ट्रेलियाने करार मंजूर करताना निवेदन जोडले की, परक्या नागरिकांसाठी आपल्या आरोग्याच्या अटींवर या कराराचा परिणाम होत नाही असा आपला अर्थ आहे. ब्रिटननेही प्रवेशाच्या नियमांबाबत स्वतःला मोकळीक राखून ठेवली. भारताने अशी कुठलीही अट घातली नाही. आपण कुठलीही पळवाट न ठेवता सही केली, हे आपल्याच सरकारी यंत्रणेला कोणीतरी पुन्हा सांगितले पाहिजे. शिवाय याच कराराच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, संघराज्य असलेल्या देशात त्याच्या तरतुदी सर्व भागांना कोणत्याही मर्यादेशिवाय आणि अपवादाशिवाय लागू होतील. दिल्लीने सही केली, आम्ही महाराष्ट्रात आहोत, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

निर्वासितांच्या बाजूनेही ही दरी नंतर भरली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाच्या कार्यकारी समितीने २०१० मध्ये दिव्यांग निर्वासितांविषयी स्वतंत्र ठराव केला, तो क्रमांक ११०. भारत त्या समितीचा सदस्य आहे. २०१८ च्या निर्वासितांविषयीच्या जागतिक समझोत्यातही दिव्यांगांच्या गरजांची दखल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातली सुमारे १६ टक्के माणसे लक्षणीय अपंगत्वासह जगतात, आणि २०२४ च्या अखेरीस सक्तीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती. युद्धात आणि पळापळीत अपंगत्व वाढते, कमी होत नाही. या आकड्यांत आपल्या बाकावर बसलेला माणूस हरवू नये म्हणून मी त्यांच्यावर अधिक थांबत नाही.

आपल्या स्वतःच्या कायद्यावर मात्र थांबते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा त्या आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करण्यासाठीच संसदेने केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांग व्यक्ती म्हणजे कोण, याची व्याख्या करताना त्यात दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी संबंधित दोष असलेली आणि अडथळ्यांमुळे समाजात पूर्णपणे, इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ न शकणारी ‘व्यक्ती’ असे म्हटले आहे. ‘नागरिक’ असे म्हटलेले नाही. अधिनियमात एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यात आपल्या भागात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल आहे, बरा झालेला कुष्ठरोगी आहे, ज्यांच्यासाठी वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. या यादीत शिरण्यासाठी लागते ती वैद्यकीय तपासणी, आणि ४० टक्क्यांची मर्यादा आहे ती अपंगत्वाची आहे, नागरिकत्वाची नाही.

हा फरक शब्दांचा खेळ नाही, हे नागपूरच्या भूमीवर मला वेगळे सांगायला नको. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि त्या संविधानात ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ हे दोन शब्द जिथे जो हवा तिथे तोच वापरलेला आहे. भाषण, संचार, वास्तव्य यांची स्वातंत्र्ये देणारे १९ वे कलम नागरिकांसाठी आहे. सरकारी नोकरीत समान संधी देणारे १६ वे कलम नागरिकांसाठी आहे. पण कायद्यापुढील समानतेचे १४ वे कलम आणि जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे २१ वे कलम ‘कोणत्याही व्यक्ती’साठी आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे. ते प्रकरण न्यायालयात नेले होते राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने, आणि प्रतिवादी होते एक राज्य सरकार.

मला विरुद्ध बाजूही ठाऊक आहे. एप्रिल २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने १४ आणि २१ ही कलमे सर्वांना लागू असल्याचे मान्य केले, परंतु देशाबाहेर पाठवले न जाण्याचा हक्क हा नागरिकांच्या वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे असे म्हटले. कोणाला देशात ठेवायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न विधानमंडळाच्या कक्षेत येत नाही आणि मी तो तुमच्यापुढे आणत नाही. माझा प्रश्न साधा आहे. जो माणूस सरकारच्याच परवानगीने, सरकारच्याच नोंदवहीत नाव घालून, पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्या शेजारी राहत आहे, त्याच्या पायाला बोटे नाहीत हे सरकारी डॉक्टरने लिहून द्यायचे की नाही?

आता कागदपत्रांविषयी, कारण गाडी तिथेच अडते. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आपण सगळे नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ एवढाच की, आधार रहिवाशाला मिळते. २०१६ च्या आधार कायद्यानुसार नोंदणीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेला माणूस रहिवासी ठरतो. त्या गृहस्थांकडे आधार होते. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढताना मागितली जाते ती ओळख आणि पत्ता, आणि दोन्ही त्यांच्या पिशवीत होते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण काढून केंद्राच्या आणि राज्यांच्या कल्याणकारी योजनांचा लाभ तिबेटींना देण्याविषयी राज्यांना कळवले, त्यात रोजगार हमी आणि रेशनसुद्धा आहे. म्हणजे वरून खालपर्यंत साखळीची एकेक कडी तयार आहे. तुटली आहे ती शेवटची कडी, जिथे एक मनुष्य खिडकीच्या आत आहे, दुसरा बाहेर आहे आणि दोघांच्या मध्ये कोणतेही लेखी मार्गदर्शन नाही.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले तेही सांगते. आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा संबंधित कर्मचारी रजेवर होते. तिसऱ्यांदा मी अधिनियमाची मराठी प्रत आणि त्यातली व्याख्या पिवळ्या पेनाने अधोरेखित करून नेली. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ती उभ्या-उभ्या वाचली, आजोबांना खुर्चीवर बसवले आणि स्वतः खाली वाकून त्यांचे पाय हातात घेतले. प्रमाणपत्र मिळाले. त्या डॉक्टरांचे नाव मी इथे लिहीत नाही, पण त्यांचे ते वाकणे मी विसरणार नाही. मात्र त्याच प्रमाणपत्राच्या आधारे निराधार अनुदानासाठी आमच्या भागातल्या एका कार्यालयात केलेला अर्ज ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला. कोणते कागदपत्र अपूर्ण, ते शेऱ्यात नव्हते. त्यांच्या वयाच्या निराधारांसाठी असलेल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत अट आहे ती महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या वास्तव्याची. १९७२ पासून इथे राहणाऱ्याने ती तीन वेळा पुरी केली आहे.

दिव्यांगत्वाचे सगळेच प्रकार पायांसारखे डोळ्यांना दिसत नाहीत, याचाही विचार व्हावा. जन्मतः ऐकू न येणारी निर्वासित बाई असेल, तर तिला ना मराठी येते ना हिंदी, आणि तिची खाणाखुणांची भाषा फक्त तिच्या घरातल्यांना कळते. अशा वेळी तिच्या सुनेला दुभाषी म्हणून बसवतात आणि सुनेसमोर ती काय सांगणार? मानसिक आजार असलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, तो आज एक सांगतो आणि उद्या दुसरे, आणि आपली यंत्रणा त्याला खोटारडा ठरवते. निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाने १९७९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतच अशा अर्जदारांसाठी वेगळी काळजी सांगितली आहे, त्यांच्यावरचा पुराव्याचा भार हलका करा, नातेवाईक आणि शेजाऱ्यांकडून माहिती घ्या, वैद्यकीय मत घ्या, असे तिथे म्हटले आहे. हे शहाणपण केवळ त्या कार्यालयाच्या दिल्लीतल्या निर्वासितांच्या मुलाखतींपुरते ठेवण्याचे कारण नाही. गावातल्या प्रत्येक खिडकीला ते लागू पडते, आणि खरे सांगायचे तर आपल्या स्वतःच्या दिव्यांगांनाही त्याची तेवढीच गरज आहे.

मुलांच्या बाबतीत तर वादच नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, २२ वे कलम निर्वासित मुलांचे आणि २३ वे दिव्यांग मुलांचे आहे. दोन्ही कलमे शेजारी शेजारी आहेत. शाळेत ही करारपत्रे आम्हाला कोणी शिकवली नाहीत, मी निवृत्तीनंतर वाचली, आणि ती दोन कलमे पाठोपाठ वाचताना मला वर्गातल्या मागच्या बाकावरची मुले आठवली. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालकाला’ हक्क देतो. शाळेत प्रवेश देताना आम्ही कधी मुलाच्या बापाचे नागरिकत्व तपासले नाही. जे वर्गाच्या दारात जमते ते दिव्यांग कक्षाच्या दारात का जमू नये?

एक आक्षेप मला गावातच ऐकावा लागतो. आमच्याच दिव्यांगांना अनुदान वेळेवर मिळत नाही, मग बाहेरच्यांना कुठून देणार, असे लोक म्हणतात. हे म्हणणाऱ्यांत माझा भाऊही होता, आणि त्याचा राग खोटा नव्हता. चार-चार महिने अनुदान थकते तेव्हा औषधे उधारीवर आणावी लागतात, आणि उधारी मागायला तोंड त्याचेच लागते. पण त्या बाकावर तीन वेळा त्या आजोबांच्या शेजारी बसल्यावर तो मला म्हणाला, ‘ताई, त्यांच्यामुळे माझं थांबलं नाही. ज्या कारणानं माझं थांबतं, त्याच कारणानं त्यांचं थांबतं.’ मला हे बरोबर वाटते. विदर्भातल्या अशा व्यक्तींची संख्या एवढी थोडी आहे की, त्यांच्यामुळे कोणाच्या ताटातला घास कमी होणार नाही. उलट ज्या कायद्याचा अर्थ माणूस बघून बदलतो, तो कायदा उद्या आपल्यासाठीही बदलू शकतो, आणि दिव्यांगांच्या वाट्याला ते नेहमी आधी येते.

म्हणून या अधिवेशनात तुम्ही सरकारकडून एक शासन निर्णय मागावा, अशी माझी विनंती आहे. त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे की, दिव्यांगत्वाची तपासणी आणि प्रमाणपत्र यांसाठी नागरिकत्वाचा पुरावा मागू नये आणि आधार किंवा परकीय नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र ओळखीसाठी ग्राह्य धरावे. अर्ज नाकारायचा असेल तर कोणत्या नियमाने नाकारला, ते लेखी द्यावे. ‘अपूर्ण’ हा एक शब्द पुरेसा समजू नये. वसाहतीतल्या वृद्ध आणि हालचाल न करू शकणाऱ्या लोकांसाठी वर्षातून एकदा तरी तपासणी पथक तिथे जावे आणि सोबत दुभाषी असावा, तोही नात्यातला नसावा. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्या यादीत हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचे नाव यावे, मग तिच्याकडे मतदान कार्ड असो वा नसो. मतदार यादीवरून दिव्यांगांची यादी करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती मोडायला हवी.

आणखी एक यादी याहून तातडीची आहे. २०१६ च्या अधिनियमाचे आठवे कलम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायला आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळवायला सांगते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्यात गेली, तेव्हा खाटेवरच्या माणसांना शेजाऱ्यांनी पाठीवरून बाहेर काढले, कारण कोण कोणत्या घरात खाटेवर आहे हे शेजाऱ्यांनाच माहीत होते. शेजाऱ्यांना जे माहीत असते ते प्राधिकरणाच्या वहीतही असावे, आणि त्या वहीत नाव घालताना पासपोर्ट विचारला जाऊ नये.

असे करता येते, याचा दाखला ताजा आहे. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीकरणात ज्यांच्याकडे ठरवून दिलेली ओळखपत्रे नव्हती, अशा लोकांसाठी केंद्राने वेगळी कार्यपद्धती काढली, जिल्ह्यांनी त्यांना शोधून विशेष सत्रे घेतली. त्या एका परिपत्रकाने खिडकीतल्या माणसाचा संकोच गेला. आताही तेच हवे आहे.

तुमचे अधिवेशन डिसेंबरात भरते. ३ डिसेंबर हा दिव्यांग दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन आणि १३ डिसेंबर हा ज्या करारावर आपण विनाअट सही केली तो स्वीकारला गेल्याचा दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत धान कापून झालेले असते, बांध्यांमध्ये पुंजणे उभे असतात आणि रस्ते मोकळे असतात. नागपूरहून साकोलीमार्गे इकडे यायला तीन-साडेतीन तास लागतात. सभागृहाचे काम नसेल अशा एखाद्या शनिवारी तुमच्यापैकी दोघे-तिघे आले तर मी तुम्हाला त्या घरी घेऊन जाईन. आजोबा आता फारसे बाहेर पडत नाहीत, दारातल्या पायरीवर ऊन खात बसतात. त्यांचा निराधार अनुदानाचा अर्ज मी तिसऱ्यांदा भरला आहे, प्रमाणपत्राची प्रत, नोंदणीची प्रत आणि अधिनियमाचे ते पान त्याला जोडले आहे, आणि पोचपावतीवर शिक्का घेतला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व विदर्भ